समुद्री टाकीतली खडक-बसवणी : गवंड्याच्या हाताला नवे काम

काचेच्या टाकीत रंगीत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे जुना आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि कुर्ला या भागांत या मालाची दुकाने दाटीने आहेत. काच कापणारे, टाकी जोडणारे, लोखंडी स्टँड वेल्ड करणारे, घरोघर जाऊन पाणी बदलणारे अशा कितीतरी हातांचे पोट त्यावर चालते. मात्र गोड्या पाण्याच्या टाकीचे काम चार दिवसांत कोणीही शिकतो आणि मग मजुरीत ओढाताण सुरू होते. खाऱ्या पाण्याच्या टाकीचे तसे नाही. तिथे जाणता माणूस शोधावा लागतो आणि गिऱ्हाईक त्याला सहसा सोडत नाही.

या टाकीतल्या एकाच कामाविषयी आज आम्ही लिहिणार आहोत. ते म्हणजे आतला खडक रचून पक्का करणे, आणि प्रवाळ असतील तर ते त्यावर बसवणे. बाहेरून पाहणाऱ्याला हे सजावटीचे काम वाटते. आमच्या मते ते मुळात गवंड्याचे काम आहे. आमच्या वाचकांत गवंडी, टाइल बसवणारे, पीओपीवाले, काचकाम करणारे पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय या पानावर घेतला आहे.

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी धरा. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ४५० लिटर पाणी मावते. खाऱ्या पाण्याचे वजन गोड्यापेक्षा थोडे जास्त, म्हणजे नुसते पाणीच ४६० किलोच्या आसपास. त्यात ४०-५० किलो खडक. हा ढीग एखाद्या रात्री घसरला आणि एक अणकुचीदार दगड काचेवर आपटला तर काय होईल, याचा विचार चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात बसून करावा. खालच्या घराचे छत, गिऱ्हाइकाचे फर्निचर, विजेचे बोर्ड आणि आत पोहणारा महागडा जीव, सगळे एकाच वेळी जाते. अशा वेळी लोक काच बनवणाऱ्या कंपनीला विचारत नाहीत. दगड कोणी रचले होते, एवढेच विचारतात.

खडक लागतोच कशाला?

समुद्राच्या टाकीत खडक शोभेला नसतो. त्याच्या बारीक छिद्रांत जीवाणू राहतात आणि माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया तेच पचवतात. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत छापली. समुद्रातलाच जिवंत खडक टाकीत ठेवायचा आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, एवढीच तिची मांडणी. पुढे जर्मनीतल्या, विशेषतः बर्लिनमधल्या छंदिष्टांनी तिला जोरदार दिवे आणि फेस काढणारे यंत्र, म्हणजे स्किमर, यांची जोड दिली. आजची घरगुती प्रवाळ टाकी त्या वाटेने आली आहे.

मात्र समुद्रातून खडक उपटून आणण्याचे दिवस सरत चालले आहेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने आपल्या हद्दीतल्या पाण्यातून असा खडक काढणे १९८९ मध्ये बंद केले आणि १९९७ पासून बाहेरच्या केंद्राच्या हद्दीतही ते बंद झाले. म्हणून जगभर आता कोरडा खडक, भाजलेल्या मातीचा खडक आणि सिमेंटचा हाताने घडवलेला खडक यांचा वापर वाढला आहे. त्यात जीवाणू नंतर आपोआप वस्ती करतात, काही आठवडे थांबावे लागते इतकेच. हाताने घडवलेला खडक म्हटल्यावर कारागिराचे कान टवकारले पाहिजेत.

कायद्याची गोष्ट आधी

पुढे जाण्यापूर्वी एक बाब स्पष्ट सांगणे भाग आहे. जुलै २००१ मध्ये केंद्र सरकारने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रपंखे घातले. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. जिवंत असो की वाळलेला पांढरा सांगाडा, तो काढणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सात वर्षे कैद, शिवाय कमीत कमी २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

मालवणचा समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. लक्षद्वीप, मन्नारचे आखात, कच्छ इथेही आहेत. कोणी म्हणेल, "भाई, किनाऱ्यावर वाहून आलेलेच उचलले आहे, कोण विचारतो?" असा माल दुकानात घेऊ नये, गाडीतही घेऊ नये. गिऱ्हाईक परदेशी माल आहे म्हणून सांगत असेल तर आधी कागद पाहावेत. कायद्यात "सर्व" हा शब्द आहे आणि कठीण प्रवाळांना साइट्स हा आंतरराष्ट्रीय करारही लागू आहे. शंका असेल तिथे वन खात्याला किंवा वकिलाला विचारावे, विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर राहू नये. जाता जाता, जवाहिऱ्याकडचे तांबडे पोवळे, ज्याला मूंगा म्हणतात, ते वेगळ्या जातीचे. टाकीतल्या खडकाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून आमचा सल्ला असा की भारतात हे काम करणाऱ्याने आपला धंदा घडवलेल्या खडकावर उभा करावा. त्यात कोणाची भीती नाही आणि मजुरीही आपलीच राहते.

खडक घडवताना

मिश्रण गवंड्याला नवे नाही. एक भाग पोर्टलँड सिमेंट, त्याला तीन ते चार भाग शिंपल्यांचा जाड चुरा किंवा चुनखडीचा चुरा. पांढरे सिमेंटही चालते. पाणी अगदी कमी, मूठ वळली तर गोळा राहील इतकेच. त्यात जाडे मीठ मिसळतात, म्हणजे नंतर ते विरघळून जाते आणि दगडात छिद्रे पडतात. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात हे मिश्रण ओतले की साच्याचा खर्च नाही आणि प्रत्येक दगड वेगळा निघतो. बोटांनी, काठीने भोके पाडून ठेवावीत. पुढे सळई घालायला ती कामी येतात. मीठ घातल्याने दगड कच्चा होतो, हे लक्षात ठेवून खालच्या भार घेणाऱ्या दगडांत मीठ कमी किंवा मुळीच नको.

खरी कसोटी नंतर आहे. ताजे सिमेंट पाण्यात चुना सोडते आणि पाण्याचा पीएच बारा-तेराच्या घरात नेते. समुद्राच्या टाकीला ८.१ ते ८.३ च्या आसपास पाहिजे. असा दगड घाईने टाकीत गेला तर मासे जगणार नाहीत. स्लॅबला आपण पाणी मारतो तसे आधी दगड चार आठवडे ओले ठेवावेत, मग पिंपात बुडवून दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलत राहावे. चार ते आठ आठवडे सहज जातात. तपासणी सोपी आहे. दोन बादल्यांत सारखेच पाणी भरावे, एकीत दगड ठेवावा, दुसरी तशीच सोडावी. दुसऱ्या दिवशी ढवळून दोन्हींचा पीएच मोजावा. फरक राहिला नाही तर दगड तयार झाला. गिऱ्हाईक घाई करील, पण या बाबतीत त्याचे ऐकू नये.

पीओपीवाल्या बंधूंनी मात्र आपला नेहमीचा माल इथे विसरावा. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि ते पाण्यात हळूहळू विरघळते. वॉटरप्रूफिंगची रसायने, ऑइल पेंट, वॉर्निश यांपैकी काहीही मिश्रणात किंवा वर लावू नये. कोकणातल्या कारागिराला जांभ्याचा मोह होईल, कारण त्याला छिद्रे भरपूर. पण तो लोहाचा दगड आहे आणि त्याची माती सुटत राहते. तो घराच्या भिंतीलाच शोभतो.

बैठक

आता रचना. आमच्या पाहण्यात बहुतेक टाक्यांत एकच चूक असते. आधी वाळू पसरतात आणि तिच्यावर दगड ठेवतात. पहिल्या दिवशी सगळे सुरेख दिसते. पण समुद्राच्या टाकीत गोबी मासे वाळू उपसतात, पिस्तूल कोळंबी दगडाखाली बीळ करते, जड कवचाच्या गोगलगायी आणि काटेरी अर्चिन खांद्याने ढकलावे तसे दगड ढकलत जातात. पाया वाळूत असलेली इमारत जशी जाईल तसाच हा ढीग जातो. खालचे दगड थेट तळाच्या काचेवर बसवावेत आणि वाळू नंतर त्यांच्या भोवती ओतावी. काचेला टोक टोचू नये म्हणून मध्ये पातळ अ‍ॅक्रिलिकची पट्टी किंवा फॉल्स सीलिंगच्या दिव्याखाली बसवतात ती प्लास्टिकची चौकटीदार जाळी घालावी. दगडाचे बूड छिन्नीने सपाट करून घेतले तर आणखी उत्तम.

चुलीला तीन दगड का असतात हे आपल्याला आजीने शिकवले आहे. तीन पायांवरची वस्तू डुगडुगत नाही. टाकीतल्या प्रत्येक दगडाने खालच्या दगडांना तीन ठिकाणी टेकले पाहिजे. सगळी रचना आधी जमिनीवर, कोरडी, करून पाहावी. टाकीच्या तळाच्या मापाचा पुठ्ठा कापून त्यावर चारी बाजूंनी चार-चार इंच आत रेघ मारावी, कारण काच साफ करायचे चुंबक तिथून फिरायचे असते. त्या रेघेच्या आत रचावे. मग सर्वांत वरच्या दगडावर तळहात ठेवून चारी दिशांना दाबावे. टकटक असा आवाज आला तर बैठक खोटी आहे. उचलून फिरवून पुन्हा बसवावा. गोंद न लावता जी रचना उभी राहते तिलाच गोंद लावावा. जी गोंदाच्या भरवशावर उभी आहे तिला हात लावू नये.

पाण्याचा एक गुणही माहीत असावा. बुडालेल्या दगडाचे वजन घटते. भरीव चुनखडीचा दहा किलोचा दगड पाण्यात साडेसहा किलोच्या आसपास भरतो. त्यामुळे कोरडी उभी राहिलेली रचना पाण्यात भाराने मोडत नाही, पण हलका झालेला दगड धक्क्याने सरकतो मात्र लवकर. म्हणून सांधा पाहिजे.

किती दगड घालावा? जुना ठोकताळा दर लिटरला १२० ते १८० ग्रॅमचा होता, म्हणजे आपल्या चार फुटी टाकीत ५५ ते ८० किलो. तो आता पुष्कळांनी सोडला आहे. मागच्या काचेला टेकलेली भिंत उभी केली की तिच्या मागे पाणी फिरत नाही, घाण साचते आणि दोन वर्षांनी टाकी आजारी पडते. कमी दगड, मध्ये कमान, खाली मोकळी गुहा आणि वरच्या पाण्यात एक-तृतीयांश उंची रिकामी, असे ठेवावे. कमान बांधणाऱ्या हाताला हे समजावून सांगायला नको.

सांधा

मोठ्या दगडांना सळई हवी. अ‍ॅक्रिलिक किंवा फायबरग्लासची आठ-दहा मिलिमीटरची सळई घ्यावी आणि मेसनरी बिटने भोक पाडावे. ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर दगड उभा चिरतो. भोक दोन्ही दगडांत दीड-दोन इंच खोल असावे. लोखंडी सळई गंजते, स्टेनलेस म्हणवणारीही खाऱ्या पाण्यात डाग धरते. तांबे आणि पितळ तर विषच समजावे. तांब्याचा थोडासा अंशही प्रवाळांना, कोळंबीला, गोगलगायींना मारतो. जस्त चढवलेली तारही नको. बांधायचेच असेल तर नायलॉनचे केबल टाय वापरावेत.

सांध्यात भरायला दोन प्रकारचे माल आहेत. एक, दोन रंगांच्या कांड्या मळून एक रंग होईपर्यंत एकजीव करायची एपॉक्सी पुटी. दुसरा, सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद. हा गोंद १९४२ मध्ये अमेरिकेत कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत हाती आला आणि १९५८ मध्ये बाजारात उतरला. तो ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पाण्याखाली चालतो. पातळ गोंद ओघळून जातो. टाकीसाठी जेल घ्यावे.

पुष्कळ लोक नुसती पुटी लावतात आणि ती सुटते म्हणून तक्रार करतात. ओल्या दगडाला पुटी चिकटत नाही. ती फक्त खळगा भरते आणि आकार धरते. आधी जेल, त्यावर पुटीचा गोळा, त्यावर पुन्हा जेल, मग वरचा दगड दाबून किंचित फिरवावा. तीन थरांचा हा सांधा धरतो. कोरड्या रचनेत जेलवर बारीक कोरडी वाळू भुरभुरली की क्षणात दगडासारखा थर होतो. त्या वेळी उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. या गोंदावर कापूस मुळीच लावू नये, त्यातून धूर निघतो. भरलेल्या टाकीत एका वेळी थोडीच पुटी वापरावी. तिच्यामुळे स्किमर वेड्यासारखा फेस काढतो. तो एक दिवस बंद ठेवून हवेचा पंप चालू ठेवावा. पाकिटावर मत्स्यटाकीसाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी सुरक्षित असे लिहिलेलाच माल घ्यावा. काचेचा सिलिकॉन दगडाच्या सांध्याला घेऊ नये, ओल्या भुसभुशीत पृष्ठावर तो धरत नाही.

प्रवाळ बसवताना

कोकणातले आपले कितीतरी लोक दुबई, कुवेत, बहारीनमध्ये कामाला आहेत. तिकडे टाकीची देखभाल करणाऱ्याला कागदपत्रांसह आलेले, शेतीत वाढवलेले प्रवाळ हाताळावे लागतात. त्यांच्यासाठी चार शब्द.

प्रवाळाचा तुकडा बहुधा सिमेंटच्या किंवा भाजलेल्या मातीच्या छोट्या चकतीवर चिकटवून येतो. चकतीचे बूड पुसून कोरडे करावे, जेल-पुटी-जेल हाच सांधा वापरावा आणि दगडावरची शेवाळी ब्रशने आधी खरवडावी, नाहीतर गोंद शेवाळीला चिकटतो, दगडाला नाही. फांद्यांचे प्रवाळ वर, जोरदार प्रवाहात व उजेडात. मेंदूच्या आकाराचे मांसल प्रवाळ खाली वाळूवर, त्यांना चिकटवायची गरजच नसते. काही जाती रात्री लांब दोरे सोडून शेजाऱ्याला भाजतात, म्हणून दोन जातींत वीतभर अंतर ठेवावे. चिकटवलेला तुकडा पुढे उपटणे कठीण, तेव्हा आधी आठवडाभर नुसता टेकवून ठेवून तो तिथे खुलतो का ते पाहणे बरे.

चामड्यासारखे मऊ प्रवाळ अंगातून चिकट पाणी सोडतात आणि कोणताही गोंद झटकून टाकतात. त्यांना रबरबँडने किंवा टूथपिकने दगडाला धरून ठेवावे. अळंबीसारखे प्रवाळ वाटीत दगडाच्या चुऱ्यावर ठेवून वरून नवरीच्या ओढणीची असते तशी बारीक नायलॉन जाळी बांधतात. आठ-पंधरा दिवसांत ते स्वतःच चुरा धरतात, मग तो चुरा दगडाला चिकटवायचा. एवढ्या महागड्या छंदात शेवटी कापड बाजारातली जाळी उपयोगी पडते, याची आम्हांला गंमत वाटते.

एक धोका मात्र गंभीर आहे. झोअँथिड नावाचे बटणासारखे प्रवाळ असतात. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. ते असलेला दगड कापताना, घासताना किंवा, सर्वांत वाईट म्हणजे, स्वच्छ करण्यासाठी गरम पाण्यात उकळताना त्याची वाफ घरभर पसरून सगळे कुटुंब रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत. जिवंत खडक कधीही उकळू नये. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय त्याला हत्यार लावू नये, हाताला जखम असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याकडे द्यावे. नंतर ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे असे काही वाटले तर डॉक्टरला "समुद्री टाकीत काम केले" हे आवर्जून सांगावे.

मजुरीविषयी

दगडाच्या किलोवर मजुरी ठरवू नये. तसे केले की जास्त दगड कोंबण्याचा लोभ होतो, आणि चांगले काम तर कमी दगडांचे असते. टाकीचे माप, कोरडी रचना, सळया, सांधे आणि पाणी भरल्यानंतरची एक फेरी असा एकत्र आकडा बिलावर लिहावा. खडक सिमेंटचा, आपण घडवलेला आहे, हेही लिहावे. उद्या कोणी तपासायला आले तर तेवढी ओळ उपयोगी पडते. पुरवठादाराकडून कोरडा खडक घेतला असेल तर त्याचे बिल जपून ठेवावे.

पाणी भरताना तळाशी एक ताटली ठेवून तिच्यावर धार सोडावी, म्हणजे वाळू उसळत नाही आणि दगडांखालची जागा पोकळ होत नाही. लाटा करणारा पंप पहिल्या दिवशी पूर्ण जोरावर लावू नये. दुसऱ्या दिवशी परत जावे, हात धुऊन कोपरापर्यंत पाण्यात घालावा आणि प्रत्येक दगड एकदा हलवून पाहावा. गिऱ्हाइकाला जवळ उभे करूनच हे करावे आणि मग उरलेले पैसे घ्यावेत.